बॅग कुणी मागितली होती?

प्रिय मुली,

तू फासेपारधी, पुण्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ‘ताई, स्वतःवर प्रेम कर असं सगळे सांगतात, ते करायचं कसं?’ असं विचारतेस. रंग, आरसा, बोलण्यातला हेल यावर दोन पानं लिहिलीस. मध्येच एक ओळ येते: होस्टेलवर खोलीतल्या मुलीची अंगठी सापडेना, तेव्हा कुणी काही म्हणायच्या आत तू आपली बॅग पलंगावर उपडी केलीस. अंगठी नंतर तिच्याच ॲप्रनच्या खिशात निघाली. ‘मैत्रिणी चांगल्या आहेत, कुणी संशय घेतला नाही.’

ही ओळ वाचून मला राग आला. तुझे कपडे, पॅड, आईनं दिलेली चटणीची बरणी पलंगावर पसरलेली, आणि एकीच्याही तोंडून ‘अगं, भर ते आत’ निघालं नाही! तुझी जात त्यांना ठाऊक होती. बाकी कुणाची बॅग उघडली नाही. याला मी चांगुलपणा म्हणणार नाही.

आता तुझं. १८७१ साली इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. १९११च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही आला. नाव नोंदवा, बोटांचे ठसे द्या, हजेरी लावा, कुठं जायचं तर पास घ्या. तितराचा आवाज हुबेहूब काढून फासे लावणारी, रानाची खडान्‌खडा माहिती असलेली माणसं पोलिसांच्या वहीत जमा झाली. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला. चोरी झाली की पारध्यांच्या पालावर धाड अजून पडते, हे तुला मी काय सांगणार? पण तुझ्या पणज्याच्या पिढीनं हजेरी दिली ती तुरुंगाच्या धाकानं. तू दिलीस ती कुणी न मागता. तुझं दुखणं तिथं आहे पोरी, रंगात नाही.

आज रात्री जेवणं झाली की खोलीत सांग, ‘त्या दिवशी मी बॅग दाखवली, कारण मी पारधी आहे. पुन्हा दाखवणार नाही. काही हरवलं तर शोधू लागेन. सगळ्यांच्या बॅगा उघडल्या तरच माझी उघडेल.’ आवाज कापला तर कापू दे, रडू आलं तरी वाक्य अर्धवट सोडू नकोस. आणि कुणी रुसलीच, तर तिची समजूत काढायला तू जायचं नाहीस.

— तुझी ताई