आधी खत मुठीत घेऊन बघा

ताई, घरी रोपं पहिल्यांदाच करताय, तर पहिल्याच वर्षी दहा प्रकारचं बी आणू नका. संकेश्वरी मिरची आणि वांगी, एवढं पुरे.

सगळी मेख खतात आहे. शेणखत उबदार लागत असेल किंवा उग्र वास मारत असेल, तर ते अजून कच्चं आहे. मूठभर घेऊन दाबा. काळपट, भुसभुशीत आणि वळवाच्या पावसानंतरच्या मातीसारखा वास आला तर घ्या. कच्च्या शेणाने मुळं करपतात, वर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते ती वेगळीच. मी एकदा गडबडीत अर्धवट कुजलेलं घातलं आणि आठवड्यात चाळीस रोपं पिवळी पडली.

बी पेरायला मात्र नुसतं खत नको. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मं चाळलेलं गांडूळखत. आपल्या बेळगाव भागातली, खानापूरकडची तांबडी माती असो की येळ्ळूर शिवारातली काळी, ट्रेत नुसती माती भरली की घट्ट बसते. ट्रेला खाली भोकं हवीतच.

नवीन माणूस हमखास चुकतो ते इथं:

- रोज भरपूर पाणी. आपल्याकडे जुलैत हवाच ओली. देठ बुडाशी कुजून रोप आडवं होतं. वरचा थर सुकल्यावरच द्या, तेही सकाळी.
- बी खोल पुरणं. बियाच्या जाडीच्या दुप्पट खोली बास.
- सावलीतून एकदम उन्हात. आधी आठवडाभर थोडं थोडं ऊन दाखवा.

मिरचीचं रोप पाच-सहा आठवड्यांचं झालं की संध्याकाळी लावा. फवारण्या, जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी) वगैरे नंतर बघू. आणि ट्रे पागोळ्यांखाली ठेवू नका हं, एका रात्रीत सगळं बी वाहून जातं.