तळाचा संघ हाती घेण्यापूर्वी

सांगली

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सलग सहा सामने हरून गटात तळाला गेलेल्या फुटबॉल संघाच्या मंडळाने प्रशिक्षक म्हणून तुला विचारले आहे, आणि ‘याहून खाली जायला जागाच नाही, मग माझे नुकसान ते काय होणार’ असे तू लिहिले आहेस. त्या एका वाक्यासाठी मी लगेच उत्तर लिहायला बसलो. तळाच्या संघाचा मोह पडतो तो याच हिशेबामुळे. पण गुणतक्ता संघ किती हरला एवढेच सांगतो. का हरला, आणि त्या कारणाला हात लावण्याची मुभा तुला मिळणार आहे का, हे त्यात कुठेच लिहिलेले नसते.

इंग्लंडचे नामवंत प्रशिक्षक ब्रायन क्लफ १९७४ मध्ये लीड्स युनायटेडमध्ये गेले तेव्हा तो इंग्लंडचा विजेता संघ होता, आणि तरीही तिथे त्यांना जेमतेम ४४ दिवस काढता आले, कारण आधीच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली घडलेल्या खेळाडूंनी त्यांना आपले मानलेच नाही. जानेवारी १९७५ मध्ये त्यांनी नॉटिंगहॅम फॉरेस्ट स्वीकारला, तेव्हा तो संघ दुसऱ्या विभागात तेराव्या स्थानावर होता. हंगाम संपला तेव्हा तो सोळावा होता. क्लफ आल्यावरही संघ आधी आणखी तीन पायऱ्या उतरला, हे तू नीट लक्षात घे. पुढे १९७७ मध्ये तो वरच्या विभागात गेला, १९७८ मध्ये लीग जिंकला आणि १९७९ व १९८० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सर्वांत मोठा चषक, त्याने आणला. पण सोळाव्या क्रमांकावर असताना क्लबने धीर सोडला असता तर यातले काहीच घडले नसते.

आपल्याकडचे उदाहरण मिझोरमच्या ऐझॉल संघाचे. २०१५-१६ च्या आय-लीगमधून, म्हणजे क्लबांच्या राष्ट्रीय स्पर्धेतून, तो संघ खाली घसरला होता आणि गोव्याच्या संघांनी माघार घेतल्यामुळेच त्याला जागा परत मिळाली. मुंबई एफसीतून बाहेर पडलेले खालिद जमील तिथे प्रशिक्षक म्हणून गेले आणि पुढच्याच हंगामात मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे राहून ऐझॉलने विजेतेपद मिळवले. त्यात आशुतोष मेहता आणि जयेश राणे होते, म्हणजे मुंबईत जमील यांच्याच हाताखाली खेळलेली मुले. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला. आपल्या विश्वासाची चार माणसे बरोबर असणे ही नव्या प्रशिक्षकासाठी किती मोठी गोष्ट आहे, ते यावरून तुला कळेल.

गेल्या रविवारी मी मुद्दाम तुझ्या या संघाचा सामना पाहायला गेलो होतो. साठाव्या मिनिटापर्यंत बरोबरी होती. त्यानंतर उजव्या बगलेचा बचावपटू, खेळ जरा थांबला की, गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभा राहू लागला, आणि तिन्ही गोल त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेतून झाले. त्या मुलाला खेळ येत नाही असे नाही. त्याचा दम संपतो. हा दोष सहा-आठ आठवड्यांच्या सरावाने भरून काढता येतो. सामना संपल्यावर मुले पांगली नाहीत, बूट सोडून तिथेच मातीत बसली आणि तिसऱ्या गोलावरून एकमेकांशी वाद घालत राहिली, हे मला फार आवडले. मनाने हरलेला संघ वाद घालत बसत नाही, गाडीला किक मारून घरी जातो.

माझी काळजी मंडळाबद्दल आहे. माझ्या उमेदीच्या काळात मी असाच एक तळाचा संघ मोठ्या उत्साहाने घेतला होता. दर सामन्याच्या सकाळी कार्यकर्त्याच्या हातून अकरा नावांची चिठ्ठी येई, आणि मैदानावर हरलो की जबाब मात्र मला द्यावा लागे. चार महिन्यांत मी बाहेर पडलो, आणि ज्या मुलांनी माझ्यावर विश्वास टाकला होता त्यांची समजूत मला आजही काढता आलेली नाही. शिवाय कोल्हापूर इथून पन्नास किलोमीटरवर आहे. तिथल्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्यांना उसळणारी गर्दी पाहून आल्यावर आपल्या मंडळींना दोन महिन्यांत तसाच संघ हवा असतो.

म्हणून बैठकीत मानधनाआधी हे विचार, की अकरा जण कोण निवडणार, मुलांचा प्रवासखर्च थकला आहे का, आणि आणखी चार सामने हरलो तरी हंगामअखेरपर्यंत मला ठेवणार का. उत्तरे तोंडी घेऊ नकोस, सभेच्या वहीत नोंदवून घे. पहिल्याच प्रश्नावर अध्यक्ष आणि सचिव एकमेकांकडे पाहू लागले तर चहा घेऊन नम्रपणे परत ये. उत्तरे सरळ आली तर दुसरा कोणताही संघ शोधू नकोस.

बैठकीनंतर संध्याकाळी घरी ये, मी वाट पाहीन. येताना त्या उजव्या बगलेच्या मुलाचे नाव आणि तो दिवसभर काय काम करतो, एवढे मात्र विचारून ये.

तुझा शुभचिंतक