परराज्यातली स्कॉलरशिप हिशोबात धरायची का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र थोडक्यात असं: राहणं एडिसन, न्यू जर्सीला. मुलगी यंदा बारावीत, जीपीए, म्हणजे शाळेतल्या गुणांची सरासरी, ३.९, आणि कॉलेज प्रवेशाच्या सॅट परीक्षेत १४५०. तिला यूसीएलएच, म्हणजे लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठच हवंय. न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ रटगर्स घराजवळ आहे आणि तिथे राज्यातल्या मुलांचा दर लागेल, याची खात्री तुम्ही करून घेतलीय. ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यात, १,२०,००० डॉलर आहेत. तुम्ही दोघं एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ती एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. मंडळातले लोक म्हणतात, एवढ्या मार्कांवर अर्धी फी माफ होते. नाहीच झाली तर कोथरूडचा फ्लॅट विकू, असं तुमचं ठरतंय.

ताई, यूसीएलएसाठी स्कॉलरशिपच्या रकान्यात शून्य लिहा. कॅलिफोर्नियाची ही सरकारी विद्यापीठं प्रवेशाला आणि स्कॉलरशिपलाही सॅट बघतच नाहीत, म्हणजे तिचे १४५० तिथे मोजलेच जात नाहीत. तिथली मानाची रीजंट्स स्कॉलरशिप मोजक्यांना मिळते, आणि आर्थिक गरज नसेल तर ती वर्षाला दोनेक हजार डॉलरची असते. परराज्यातल्या मुलांचा सगळा खर्च वर्षाला ८० हजारांच्या घरात जातो. अर्धी फी माफ होण्याची वाट तिथे नाहीच.

ज्यांनी तुम्हाला सांगितलं ते खोटं बोलले नसणार. त्यांच्या डोळ्यासमोर दुसरं विद्यापीठ असेल. अलाबामा विद्यापीठ घ्या. जीपीए आणि सॅटचा तक्ता तिथे उघड छापलेला असतो. तक्त्यात बसलात की रक्कम मिळते, वेगळा निबंध नाही की मुलाखत नाही. तुमच्या मुलीच्या मार्कांना तिथे ट्यूशन फीचा मोठा भाग सुटू शकतो. त्यांना हे परवडतं, कारण सवलत देऊनही बाहेरची मुलं यावीत हेच त्यांचं धोरण आहे. नव्याने येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलं परराज्यातलीच असतात. उलट चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात बाहेरच्या मुलांना १८ टक्क्यांची मर्यादा आहे आणि रांग दारापर्यंत आहे. तिथली मोअरहेड-केन स्कॉलरशिप पूर्ण खर्च देते, पण ती मिळेल असं धरून कुणाच्याही घरचं बजेट आखायला मी सांगणार नाही. तेव्हा नाव किती मोठं यापेक्षा त्या विद्यापीठाला तुमची मुलगी किती हवी आहे, ते बघा.

आता पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट, एच-४. या व्हिसावर तिला केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज मिळत नाही. खासगी कर्जाला बऱ्याच बँका सिटिझन किंवा ग्रीन कार्ड असलेला जामीनदार मागतात. काही स्कॉलरशिपही फक्त सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठीच असतात. शिवाय तोपर्यंत ग्रीन कार्ड हातात आलं नाही, तर २१ पूर्ण होताच ती एच-४मधून बाहेर पडेल, बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाईल, आणि हे कॉलेजच्या मधल्या वर्षात होईल. तेव्हा फीचा दर आणि स्कॉलरशिप तशीच राहील का, हे प्रत्येक कॉलेजला, रटगर्सलाही, आत्ताच ईमेलने विचारा. फोनवरचं उत्तर धरू नका, लेखी घ्या.

गेल्या वर्षी माझ्यासमोर एक कुटुंब बसलं होतं. टेबलावर कॉलेजचं पत्र. वर ठळक अक्षरांत वर्षाला १४,००० डॉलर, खाली बारीक टाइपात, जीपीए ३.२५ राखल्यासच पुढे चालू. मुलगा इंजिनिअरिंगला, पहिल्या वर्षाला ३.१ आले. पुढच्या तीन वर्षांचे ४२ हजार गेले. वडील ते पत्र पुन्हा पुन्हा उलटून बघत होते. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं, कारण ती ओळ आधी कुणीतरी त्यांना दाखवायला हवी होती.

तुमचं गणित असं दिसतं. रटगर्स, राहणं-जेवण धरून, वर्षाला ३५ हजारांच्या आसपास. चार वर्षांचे १,४०,०००. खात्यातून १,२०,००० गेले की वरचे २० हजार पगारातून निघतील, आणि ती घरून ये-जा करणार असेल तर तेही लागणार नाहीत. यूसीएलएचे ३,२०,००० होतात. तूट दोन लाखांची, आणि फी दरवर्षी वाढते ते वेगळंच. ती भरायला फ्लॅट विकायचा, त्यावर भारतात कर, मग इथल्या रिटर्नमध्ये तोच नफा पुन्हा दाखवायचा. तुमचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे. उद्या परत जावं लागलं तर डोक्यावरचं छप्पर तोच फ्लॅट आहे. मी तो विकू देणार नाही.

रटगर्स पक्कं धरा. तक्ता छापणारी दोन-तीन विद्यापीठं यादीत घाला आणि त्यांच्या अर्जांच्या तारखा आजच कॅलेंडरवर लिहा. स्कॉलरशिपची मुदत बऱ्याचदा प्रवेशाच्या मुदतीआधी संपते. यूसीएलएला अर्ज करायचाच असेल तर त्याआधी हे आकडे घेऊन मुलीसोबत बसा. मार्चमध्ये प्रवेशाचं पत्र आल्यावर तिला नाही म्हणणं तुम्हाला फार जड जाईल, आणि तिलाही.