कोरम भरला, पण गाव उसाला गेलं होतं

तुमची पोस्ट दोनदा वाचली. पाणलोटाचं काम, समिती स्थापन झालेली, बैठकीला दर वेळी तेच सात-आठ जण, वरच्या वस्तीवरचं कोणी फिरकत नाही, बायका आल्या तरी मागं भिंतीला टेकून बसतात, आणि निधी देणारं कार्यालय म्हणतंय की लोकसहभागाचे पुरावे पाठवा. लोकांमध्ये जागृती कशी करायची, असं तुम्ही विचारलंय. बीड जिल्हा आणि समिती डिसेंबरात झाली, हे वाचलं आणि पोटात गोळा आला. नऊ वर्षांपूर्वी मी नेमकं हेच करून बसलोय.

शिवारफेरी, गावनकाशा, वस्तीवार बैठका हे सगळं तुम्हाला येत असणारच, त्यात शिरत नाही. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय. तुमची समिती झाली तेव्हा गावातले किती कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, बाहेर होते?

आमच्या गावात ९०० च्या आसपास मतदार. दसरा-दिवाळी झाली की १२० कोयते उसाला जायचे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, म्हणजे अडीचशेच्या घरात माणसं, मतदारांचा चौथा हिस्सा. ती परत यायची गुढीपाडव्याच्या आगेमागे. आणि आम्ही चराईबंदीचा ठराव घेतला जानेवारीत. का, तर आम्हाला निधी देणाऱ्या कार्यालयाच्या तक्त्यात 'समिती आणि ठराव, ३१ मार्चच्या आत' असं लिहिलं होतं. मला माहीत नव्हतं म्हणावं तर तेही नाही. मी त्याच भागातला, माझा मामा वीस वर्षं उसाला जात होता. तरी घेतला. मुदत द्या, मे महिन्यात ग्रामसभा ठेवू, असा मेल केला होता, त्याला दोन ओळींचं उत्तर आलं की वेळापत्रक बदलता येणार नाही. मी तिथं भांडायला हवं होतं. नाही भांडलो, कारण संस्थेतल्या तीन पोरांचे पगार त्याच हप्त्यावर होते.

कागदावर सगळं चोख. ग्रामसभेचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला कमी असेल तो. आमच्याकडं ११२ सह्या-अंगठे. गेलेल्या घरांमधून म्हातारा-म्हातारी मागं होते, त्यांचेही अंगठे घेतले. सासऱ्याचा अंगठा म्हणजे घराचा होकार असं मी मनाशी धरून टाकलं. माझी सगळ्यात मोठी चूक हीच. शेळ्या सासऱ्याच्या नव्हत्या, सुनेच्या होत्या.

पाडव्याला टोळ्या परतल्या तेव्हा गायरानाच्या उतारावर पाणी अडवायला सलग समतल चर खोदलेले, रोपांसाठी खड्डे घेतलेले आणि पाटी लागलेली : 'चराई बंदी, ग्रामसभेच्या आदेशावरून'. पहिल्याच आठवड्यात एक बाई शेळ्या घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "आमी काय मेलो व्हतो का? उसालाच गेल्तो ना." मी ठरावाची प्रत दाखवायला पिशवीत हात घातला. आजही तो हात आठवला की लाज वाटते.

पुढचं वर्ष सांगण्यासारखं नाही. चर रात्रीतून बुजायचे. ४,००० रोपांपैकी पुढच्या पावसाळ्यापर्यंत पाच-सहाशे राहिली असतील. पंचायतीनं एकदा शेळ्या कोंडवाड्यात घातल्या, त्यावरून मारामारी झाली, प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेलं. आणि ज्या कार्यालयानं जानेवारीचा हट्ट धरला होता, त्यानंच वर्षअखेरीच्या शेऱ्यात लिहिलं, 'संस्थेचं लोकसंघटन कमकुवत'. शेरा लिहिणारे साहेब गावात एकदाच आले होते, गाडीतून उतरून मारुतीच्या पारावर फोटो काढून गेले. असो. वर पुन्हा ऐकवायचे की हिवरे बाजारला चराईबंदी झाली, मग तुमच्याकडं का होत नाही. अहो, तिथं ती गावानं आपल्या ग्रामसभेत स्वतःवर घालून घेतली होती, आणि गवत कापून न्यायला मुभा होती. आम्ही फक्त 'बंदी' तेवढी उचलली.

काम सुधारलं ते दुसऱ्या हंगामात, आणि तेही अपघातानंच. मामाच्या ओळखीनं मी साताऱ्याकडच्या एका साखर कारखान्याच्या तळावर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुक्कामाच्या जागी, गेलो. आमच्या गावच्या दोन टोळ्या तिथं होत्या. पाचटाच्या कोप्या (झोपड्या), संध्याकाळचे साडेआठ, चुली पेटलेल्या. पहाटे चारला फडात जायचं म्हणून कोणाला बोलायला वेळ नाही. मी आपला एका कोपीसमोर जाऊन बसलो. भाषण नाही, चार्ट नाही. भाकरी थापता थापता त्या शेळीवाल्या बाईनंच विषय काढला. चुलीतली राख पुढं ओढली, बोटानं डोंगर काढला, आणि आमच्या चरांच्या रेघांवर आडवी एक रेघ मारली. "हितून शेळ्या पाण्याला जात्यात. तुमी वाटच खांदली." पाणवठ्याची वाट! आमच्या नकाशावर उतार होता, मातीचा पोत होता, पावसाची सरासरी होती. ती वाट नव्हती, कारण नकाशा काढायला बसलेल्यांपैकी कोणी शेळ्या राखत नव्हतं.

त्या दोन रात्रींत जे ठरलं तेच शेवटी टिकलं. डोंगराचे तीन भाग, एक चरायला मोकळा, दोन बंद, पावसाळ्यागणिक पाळी फिरवायची. बंद भागातलं गवत कापून न्यायचं, त्यात भूमिहीन घरांचा वाटा आधी. पाणवठ्याची वाट सोडायची, तिथले चर तोडायचे. ठराव मात्र आम्ही मे महिन्यात, सगळे परत आल्यावर, ग्रामसभेत नव्यानं घेतला. तळावरच्या बैठकीचा फोटो मी काढला नाही, त्यामुळं त्या तिमाहीच्या अहवालात 'सहभाग' या रकान्यात शून्य गेलं.

आता थोडं मतप्रदर्शन. मुकादमाला, म्हणजे टोळी जमवून नेणाऱ्याला, मजुरांचा प्रतिनिधी म्हणून समितीत घेऊ नका. फोन लावला की तो लगेच येतो, बोलतोही चांगला, म्हणून मोह होतो. पण उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, त्याच्या हातात असते. त्याच्यासमोर टोळीतला माणूस तोंड उघडत नाही, आणि कागदावर मात्र 'ऊसतोड मजुरांचा सहभाग' दिसतो. सगळे मुकादम वाईट असं म्हणत नाही, आमच्याकडच्या एकानं खूप मदत केली. तरीही नाही.

बायकांबद्दल : ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं कायद्यानंच सक्तीचं आहे. ग्रामसेवकाला तोंडी न सांगता लेखी आठवण करून द्या, आणि सभा खरंच होते का ते बघायला तुमची कार्यकर्ती पाठवा. बऱ्याच गावांत ती प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या नोंदवहीतच होते. दुपारी दोनची वेळ ठेवू नका, रोजंदारी बुडते. श्रमदानाचंही तेच. ज्याला विहिरीत पाणी येणार त्यानं श्रमदान करावं हे समजतं. ज्याच्याकडं जमीनच नाही त्याच्याकडून फुकट काम करून घेऊन त्याला 'सहभाग' म्हणणं मला पटत नाही. पुरंदरच्या पाणी पंचायतीत विलासराव साळुंखे यांनी पाणी जमिनीवर न देता घरातल्या माणसांवर दिलं, भूमिहीनांनाही हक्क ठेवला. तसं काही मिळणार असेल तरच श्रम मागा.

निधीच्या मुदतीचं : तुमचा पैसा कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीचा असेल तर ३१ मार्चची भीती जशी घातली जाते तेवढी खरी नसते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर चालू प्रकल्पाचे न खर्चलेले पैसे कंपनी वेगळ्या खात्यात ठेवून पुढची तीन आर्थिक वर्षं वापरू शकते. प्रकल्प सुरुवातीलाच 'चालू प्रकल्प', म्हणजे एका वर्षाहून जास्त चालणारा, म्हणून मंजूर करून घेतलेला बरा, एवढंच. आमच्या वेळी ही सोय नव्हती, तुम्हाला आहे. आणि '५ टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च मिळणार नाही' असं कोणी म्हणालं तर नियम वाचायला सांगा. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरच्या खर्चाला आहे, गावात फिरणाऱ्या तुमच्या कार्यकर्त्याच्या पगाराला नाही. (मी सीए नाही. तुमच्या करारात वेगळं लिहिलं असेल तर करार चालेल, आधी आपल्या सीएला विचारा.)

हेही सांगतो की माझा अनुभव दुष्काळी पट्ट्यातला आहे. गडचिरोलीत मेंढा-लेखासारख्या गावात सर्वसहमतीनं ठरवायची पद्धत आहे, तिथं कोरमचा हा खेळ चालतच नाही. कोकणात चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येतात, म्हणून बैठक तेव्हाच ठेवावी असं तिथले मित्र सांगतात.

तुमची समिती बरखास्त करू नका, त्यात लोकांचा मान दुखावतो. तिला 'हंगामी' म्हणून घोषित करा आणि मेमध्ये नवी नावं घालायची हे आत्ताच प्रोसिडिंगमध्ये लिहून ठेवा. आणि वरच्या वस्तीवरून या वर्षी किती कोयते गेलेत, कुठल्या कारखान्यावर, ते तेवढं इथं कळवा. साताऱ्या-कोल्हापूरकडचे दोन-तीन तळ माझ्या माहितीतले आहेत, तिथं जायचं असेल तर मी येतो बरोबर.