पुढचं पान फाडलं की मागचं सुटतं

"मॅडम, सुरुवात एकदम जोरात होते हो, पण पुढे टिकत नाही."

हे वाक्य समुपदेशक म्हणून मी गेल्या वर्षभरात किती वेळा ऐकलं असेल त्याचा हिशोब ठेवणं मी सोडून दिलंय. माणसं वेगळी, वाक्य तेच. कुणाचं वजन असतं, कुणाचं इंग्लिश स्पीकिंग, कुणाचं एमपीएससी, एका आजोबांना तर सत्तरी उलटल्यावर मोडी लिपी शिकायची होती आणि त्यांचंही नेमकं हेच म्हणणं. आणि मग शेवटी ठरलेला प्रश्न, माझ्यात विलपॉवरच नाही का? जानेवारीत हा प्रश्न जरा जास्त येतो आणि दिवाळी संपली की परत एकदा लाट येते.

प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एक अनुभव सांगते. जिचा आहे तिला विचारलंय, ती म्हणाली लिहा, फक्त नाव नको. तर नाव नको, आपण ताई म्हणूया. ओळख पटेल असे बारकावे बदललेत.

ताई चिंचवडच्या, वय ३७, मेडिकलच्या दुकानात बिलिंगला बसतात. बारावी झाली आणि लग्न झालं, पुढे दोन मुलं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच, शिक्षण मधे सुटलेल्या लोकांना हात देतंय, तिथे त्यांनी बी.ए.ला नाव घातलं, पहिलं वर्ष पास झालं आणि दुसऱ्या वर्षाचे दोन विषय राहिले ते राहिलेच. मी विचारलं, पदवी कशासाठी हवीये, दुकानात पगार वाढणारे का? म्हणाल्या, "नाही मॅडम, पगाराचं काही नाही. मुलीच्या शाळेचा फॉर्म असतो ना, त्यात आईचं शिक्षण असा रकाना असतो, तिथे पेन थांबतो माझा." मला हे कारण फार आवडलं. नोकरीसाठी, पैशासाठी अशी मोठी मोठी कारणं सांगणारे पुष्कळ येतात, पण पेन कुठे थांबतो हे ज्याला माहितीये त्याचं ध्येय खरं असतं असं माझं मत आहे.

"मग अडतंय कुठे?"

"टिकत नाही. पाच दिवस, फार तर सहा, की संपलं. एकदाही आठवडा पूर्ण नाही झाला."

हे 'फार तर सहा' मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. नंतर त्याची लाज वाटली, पण ते पुढे.

पहिल्या भेटीत मी जे केलं ते सांगते, चूकच होती. आम्ही दोघींनी बसून टाइमटेबल केलं. रात्री सव्वानऊ ते सव्वादहा, सोमवारी हा विषय, मंगळवारी तो, छान रंगीबिरंगी. त्या खूश, मीही खूश. टाइमटेबल देणं ही कधी कधी समुपदेशकाची चालढकल असते, काहीतरी केल्याचं समाधान दोघांनाही मिळतं आणि मूळ गोष्टीला हात लावायला लागत नाही. पुढच्या भेटीला त्या आल्याच नाहीत. फोन केला तर म्हणे, "सॉरी मॅडम, मोडलं परत. आता एक तारखेपासून पक्कं करते आणि मगच येते." म्हणजे बघा, औषध लागू पडल्यावरच दवाखान्यात येणार! मी म्हटलं मोडलेलंच घेऊन या.

आल्या. मग जरा बोलणं झालं.

"मोडलं त्या रात्री मनात काय आलं?"

"हेच की माझ्याच्याने होणार नाही. रोज झालंच पाहिजे ना, रोज नाही झालं तर त्याला अभ्यास म्हणायचं का?"

"झालंच मधला 'च' काढून परत म्हणा."

हसल्या. "रोज झालं पाहिजे."

"अजून थोडं सैल करा."

"रोज झालं तर... बरं."

"आणि नाही झालं तर?"

बराच वेळ गप्प. "तर त्या दिवशी नाही झालं."

माझ्याकडे येणाऱ्यांना हा 'च' चांगलाच माहितीये, मी फार मागे लागते त्याच्या. मी ज्या विचारपद्धतीत वाढले ती अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, आपल्याकडे कि. मो. फडके सरांनी ती रुजवली, आणि एलिस आयुष्यभर माणसांच्या 'च'शीच भांडत होता असं मी गमतीने म्हणते. मी केलंच पाहिजे, लोकांनी वागलंच पाहिजे, सगळं सोपं असलंच पाहिजे. इंग्रजीत त्याला त्यासाठी 'मस्ट' असा अख्खा शब्द लागला, आपल्याकडे एका अक्षरात काम होतं. त्या एलिसची गोष्ट ताईंना सांगितली, ती बहुतेकांना सांगतेच. १९ वर्षांचा असताना त्याला अनोळखी मुलींशी बोलायची जाम भीती वाटायची, म्हणून त्याने ठरवलं की न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या बागेत महिनाभर जायचं आणि बाकावर बसलेल्या प्रत्येकीशी बोलायचं. त्याच्याच सांगण्याप्रमाणे शंभरेक जणींशी बोलला. जेमतेम एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही! पण भीती मात्र गेली. आधी धीर आला आणि मग तो बोलायला गेला असं झालं नाही, उलटं झालं. ताई म्हणाल्या, "मग त्याने मधे एखाद दिवस दांडी मारली असेल की नाही?" मला हा प्रश्न याआधी कुणी विचारला नव्हता.

पण खरी गोष्ट घडली ती चौथ्या भेटीत, आणि त्यात माझं कौतुक एवढंच की मी त्या वेळी तोंड बंद ठेवलं.

मी त्यांना अभ्यासाची वही आणायला सांगितली होती. दर वेळी नव्याने सुरुवात करायची तर नवी वही, पहिल्या पानावर वर मध्यभागी श्री, तारीख, खाली समास आखलेला, अशा चार वह्या निघाल्या. हातात घेतल्या तर सगळ्या पातळ. दोनशे पानी वही आणि हाताला लागते सव्वाशे-दीडशे पानांची. मी विचारलं, पानं कुठे गेली?

"फाडली."

"का हो?"

"मोडलं की मागचं बघवत नाही मॅडम. पाच दिवस लिहिलंय आणि पुढे कोरं, तो डागच वाटतो. फाडून टाकलं की नवीन सुरुवात केल्यासारखं वाटतं."

मी वही चाळत होते आणि तेवढ्यात शेवटून एक पान निसटून खाली पडलं. उचललं तर त्यावर दोन्ही विषयांच्या सगळ्या घटकांची यादी होती, त्यांच्याच अक्षरात, कुठल्या घटकाला किती मार्क ते शेजारी, आणि वाचून झालेल्या सात घटकांवर बरोबरच्या खुणा. सात! आणि ही बाई मला महिनाभर सांगतेय की माझं काहीच झालेलं नाही.

मी विचारलं, "हे पान असं सुटं कसं झालं?"

"पुढचं फाडलं ना, मग मागचं सुटतंच," असं त्या अगदी सहज म्हणाल्या, शाळेत सगळ्यांना पाठ असतं तसं, आणि बोलता बोलता थांबल्या. पान माझ्या हातातून घेतलं. त्या सात खुणांवरून बोट फिरवलं. मी काही बोलले नाही, खूप बोलावंसं वाटत होतं खरं तर, इतकं सुंदर वाक्य आयतं हातात आल्यावर कुठल्याही समुपदेशकाची जीभ शिवशिवते. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग त्या म्हणाल्या, "मी मोडलेलं फाडत नव्हते हो, झालेलं फाडत होते."

मी त्या दिवशी घरी जाताना रिक्षात एकटीच हसत होते.

इथे कुणी म्हणेल की बालपणात जा, पानं फाडायची सवय कुठून आली, बाबा रागवायचे का वगैरे. जाणारे जातात, त्यांचंही चुकीचं नाही. मी नाही गेले. मला वाटतं माणसाला आज काय चाललंय ते दिसलं तरी पुष्कळ काम होतं.

आमचं ठरलं ते इतकंच, की वहीतलं एकही पान फाडायचं नाही. अभ्यास झाला नाही त्या दिवशीही तारीख टाकायची आणि एक ओळ लिहायची, काय झालं ते. कारण नाही द्यायचं, माफी नाही मागायची, नुसती नोंद, दुकानात विकलेल्या गोळ्यांची करतात तशी. महिन्याने वही आली. त्यातल्या काही ओळी अशा होत्या: 'नणंदेकडची आली, जेवण.' 'हे घरी, बाहेर गेलो.' 'सासूबाईंना दवाखाना.' 'हे घरी, पिक्चर.'

मी म्हटलं, तारखांसमोर वार लिहा. लिहिले. पाच खाडे, त्यातले चार गुरुवारी.

तर गंमत अशी की ताईंचे मिस्टर भोसरी एमआयडीसीत, आणि तिकडे बऱ्याच कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी असते गुरुवारी. म्हणजे गुरुवार हा त्यांच्या घरचा रविवार. माणूस घरी, पाहुणे त्याच दिवशी, बाहेर जाणं त्याच दिवशी. 'फार तर सहा' दिवस का टिकत होतं ते कळलं ना आता? सातवा दिवस गुरुवार होता! विलपॉवरचा काही संबंध नव्हता, कॅलेंडरचा होता. आणि इतकी वर्षं हे दिसलं नाही कारण पुरावा दर वेळी फाडून केराच्या टोपलीत जात होता. मलाही पहिल्याच भेटीत त्या सहावर कान टवकारता आले असते, पण मी रंगीत टाइमटेबल करत बसले होते.

मग गुरुवार सोडूनच दिला. सरळ सुट्टी. सगळं लक्ष लावलं शुक्रवारवर, कारण मोडायचं गुरुवारी पण सुटायचं शुक्रवारी. शुक्रवारी रात्री ओटा पुसून झाला की पुस्तक ओट्यावरच उघडायचं आणि उभ्या उभ्या दहा ओळी वाचायच्या, बसायचं बंधन नाही, तासाचं तर नाहीच. 'वेळ मिळाला की वाचेन' यापेक्षा 'ओटा पुसला की वाचेन' हे कितीतरी पक्कं असतं, एका ठरलेल्या कामाच्या शेपटीला दुसरं काम बांधायचं. दहा ओळी वाचल्या की बहुतेक वेळा त्या बसायच्याच. कधी नाही बसायच्या. तेही लिहायच्या.

आता तुमच्यासाठी थोडं, कारण तुम्हाला वाटत असेल की ताईंचं ठीक आहे, आमचा काही गुरुवार नाही. असतो हो. प्रत्येकाचा असतो, कुणाचा महिनाअखेर असतो, कुणाचा मुलांच्या परीक्षेचा आठवडा, कुणाचा पाऊस. एका मुलाची ॲपवरची सलग १३२ दिवसांची स्ट्रीक तुटली म्हणून त्याने ॲपच डिलीट केलं, जणू १३२ दिवस शिकलेलं डोक्यातूनही डिलीट झालं. आणि हे २१ दिवसांत सवय लागते म्हणून जे फिरतं ना, ते आलंय मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातून, की ऑपरेशननंतर पेशंटला नवीन चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस जातात. त्यातला 'निदान' गळून गेला आणि २१चा नियम झाला. लंडनमध्ये ९६ लोकांवर एक अभ्यास झाला, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात रोजची एखादी साधी गोष्ट अंगवळणी पडायला मधल्या माणसाला (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस लागले, आणि एकूण अंदाज पाहिला तर १८ पासून थेट २५४ पर्यंत. तेव्हा २२व्या दिवशी जड जातंय म्हणून स्वतःला नावं ठेवू नका. आणि त्यातलंच मला सगळ्यात आवडतं ते हे, की मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. चुकलेला दिवस नाही हो नडत, त्या चुकलेल्या दिवसावर आपण जो निकाल लिहितो तो नडतो.

म्हणून मी लोकांना हल्ली विचारतच नाही की सुरुवात कधी करणार. मोडल्यावर दुसऱ्या दिवशी काय करणार, ते सांगा म्हणते. आणि ते इतकं छोटं हवं की मूड नसताना, लाज वाटत असताना, पाहुण्यांची भांडी पडलेली असतानाही होईल. सुरुवातीच्या दिवशी आपण सगळेच शूर असतो, त्या दिवसाचं प्लॅनिंग काय करायचं.

एक मात्र वेगळं सांगते. दोन-दोन आठवडे कशातच मन लागत नाहीये, आवडीच्या गोष्टी पण नकोशा, झोप-भूक बिघडलीये, तर त्याला टिकत नाही म्हणून स्वतःला रागवत बसू नका आणि ओटा-पुस्तकही करत बसू नका, डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, मराठीतही बोलतात.

तर ताई. दोनपैकी एक विषय सुटला, दुसरा राहिला, थोडक्यात गेला. निकालाच्या दिवशी फोन आला तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला होता की आता परत फाडाफाडी. पण म्हणाल्या, "लिहून ठेवलं मॅडम, किती मार्काने गेला ते."

मागच्या महिन्यात येऊन गेल्या, दुसऱ्या विषयाची तयारी चालूये. वही संपली म्हणाल्या, आयुष्यात पहिल्यांदा वही संपली. मी म्हटलं, अरे वा, मग आता घ्या छानशी नवीन. त्यांनी पिशवीतून एक जाडजूड गठ्ठा काढला. त्या चारही पातळ वह्यांमधली उरलेली कोरी पानं काढून, दाभणाने शिवून, वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलेलं. पहिल्या पानावर श्री नव्हता. सरळ घटक आठपासून सुरुवात होती.