बंद पडलेल्या कंपनीची रेकॉर्ड कुणाला विचारून काढायची?

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की साठ-सत्तरच्या दशकातल्या प्रयोगशील जॅझच्या दुर्मीळ रेकॉर्ड छोट्या भांडवलावरही पुन्हा काढता येतात. त्यावर कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून बरीच पत्रं आली. त्यातल्या काहींना इथे उत्तर देतो.

प्रश्न : आम्ही चार मित्र राजारामपुरीत राहतो. सगळ्यांचे मिळून दीड लाख रुपये जमवलेत. १९७० च्या सुमारास अमेरिकेत निघालेली एक एलपी आम्हाला पुन्हा काढायची आहे. तिची कंपनी केव्हाच बंद पडली. सुरुवात कुठून करू?

उत्तर : रेकॉर्ड छापण्याचे दर नंतर विचारा, आधी मालक शोधा. कंपनी बंद पडली म्हणून हक्क बेवारस होत नाहीत. ते कुणीतरी विकत घेतलेले असतात, वारसांकडे गेलेले असतात, नाहीतर करारातल्या एखाद्या कलमामुळे वादकाकडे परत आलेले असतात.

या संगीतापुरती एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. मोठ्या कंपन्या दारात उभं करत नव्हत्या, म्हणून यातल्या अनेक वादकांनी स्वतःच्याच कंपन्या काढल्या. सन रा आणि ऑल्टन अब्राहम यांनी पन्नासच्या दशकात शिकागोत 'सॅटर्न' काढली. चार्ल्स टॉलिव्हर आणि स्टॅन्ली कॉवेल यांनी १९७१ मध्ये न्यूयॉर्कला 'स्ट्राटा-ईस्ट' उभी केली, आणि तिथे मूळ टेपची मालकी वादकाकडेच राहायची. जर्मनीत पीटर ब्रॉट्झमनने १९६८ मध्ये 'मशीन गन' स्वतःच छापली, अवघ्या ३०० प्रती. अशा रेकॉर्डसाठी कुठल्या बहुराष्ट्रीय कंपनीच्या कायदा विभागाला पत्र घालावं लागत नाही. एका माणसाला, किंवा त्याच्या मुलीला, पुतण्याला लिहावं लागतं.

शोधायला रेकॉर्डच हाती घ्या. मधल्या लेबलवर रचनांच्या प्रकाशकाचं नाव बारीक अक्षरात असतं. शेवटच्या खाचेपलीकडच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला क्रमांक असतो, त्यावरून छपाई कुठली ते बऱ्याचदा समजतं. कव्हरच्या मागे स्टुडिओचं, ध्वनिमुद्रकाचं नाव असतं. त्या काळातले ध्वनिमुद्रक टेप कुठे गेल्या ते पुष्कळदा सांगू शकतात.

पत्र छोटं लिहा. कौतुक एका वाक्यात आटपा आणि मुद्द्यावर या: किती प्रती, किती वर्षांसाठी, कोणत्या देशांत विक्री, पैसे किती आणि कधी. करारातही याच गोष्टी हव्यात. शिवाय कव्हर आणि अंतिम ध्वनी या दोन्हींना त्यांची मंजुरी लागेल असं एक कलम घाला. रचनांचा, म्हणजे मूळ सुरावटींचा, परवाना ध्वनिमुद्रणाच्या परवान्यापेक्षा वेगळा असतो, तो विसरू नका.

माझा आग्रह एकच आहे: दोनशे प्रती काढणार असाल तर दोनशेच्या दोनशे प्रतींची रॉयल्टी सही करतानाच देऊन टाका. रक्कम लहानच असते. 'विकल्या की देऊ' हे वाक्य या वादकांनी आयुष्यभर ऐकलं आहे. ज्या कामाचे त्यांना तरुणपणी पैसे मिळाले नाहीत, त्याचे उतारवयात तरी आगाऊ मिळावेत. तेवढं जमत नसेल तर प्रती कमी काढा.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर ती रेकॉर्ड सोडा आणि दुसरी घ्या.

दीड लाखात एलपी ओढाताणीची होईल. लाकरवर, म्हणजे लेप दिलेल्या मूळ तबकडीवर, खाचा कोरणं, तिच्यावर चांदी आणि निकेल चढवून साचे काढणं याचा खर्च १०० प्रती काढा नाहीतर १,००० काढा, सारखाच येतो. त्यामुळे थोड्या प्रतींची एलपी फार महाग पडते. त्याच पैशात उत्तम टेप-ट्रान्सफर (जुन्या टेपवरून आवाज उतरवून घेणं), मास्टरिंग (छपाईआधीचा आवाजाचा शेवटचा हात), सीडी आणि भरपूर मजकुराची पुस्तिका होते. १८० ग्रॅमच्या जाड रेकॉर्डची हौस तर मुळीच नको, १४० ग्रॅमची नीट छापलेली असेल तर तितकीच चांगली वाजते.

प्रश्न : इचलकरंजीहून लिहितो. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचे हक्क साठ वर्षांनी संपतात ना? मग १९६४ ची रेकॉर्ड काढायला परवानगी कशाला?

उत्तर : अर्धं बरोबर आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे प्रकाशनाच्या पुढच्या जानेवारीपासून साठ वर्षं मोजतात, म्हणजे १९६४ च्या ध्वनिमुद्रणाची भारतातली मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. पण रचनेची मुदत वेगळी, रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. सॅक्सोफोन आणि बास क्लॅरिनेट वाजवणारा एरिक डॉल्फी जून १९६४ मध्ये बर्लिनला वारला, वय ३६. त्याची 'आउट टू लंच' त्याच वर्षी निघाली आणि तिच्यातल्या पाचही रचना त्याच्या. त्यामुळे तिच्या दोन्ही मुदती भारतात एकाच दिवशी संपल्या. असं क्वचित जुळतं. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन १९६७ मध्ये गेला, त्याच्या रचना २०२७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. दुसरा सॅक्सोफोनवादक आल्बर्ट आयलर १९७० मध्ये गेला, त्याच्या २०३० पर्यंत.

बरं, ध्वनी मोकळा झाला तरी कव्हर मोकळं होत नाही. छायाचित्र, मांडणी, मागचा मजकूर या प्रत्येकाचा हक्क निराळा. कंपनीचं चिन्ह हा आणखी वेगळा मामला.

आणि ही मोकळीक फक्त आपल्या हद्दीत. अमेरिकेने २०१८ मध्ये कायदा बदलला. १९५७ पासून फेब्रुवारी १९७२ पर्यंतची ध्वनिमुद्रणं तिथे १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षित आहेत. युरोपात मुदत पन्नासवरून सत्तर वर्षं झाली, तिथे १९६४ ची रेकॉर्ड २०३४ अखेरपर्यंत अडकलेली आहे. या संगीताचे बहुतेक गिऱ्हाईक त्याच दोन ठिकाणी आहेत, आणि तिथे तुम्हाला एक पार्सलही पाठवता येणार नाही.

कायद्यापेक्षाही मोठी अडचण अशी की परवानगीशिवाय मूळ टेप मिळत नाही. मग आवाज कुठून घेणार? दुसऱ्याने मेहनतीने काढलेल्या सीडीवरून, नाहीतर घासलेल्या एलपीवरून. त्याला मी पुनर्प्रकाशन म्हणणार नाही, ती नक्कल झाली. आणि 'आउट टू लंच' तर दुर्मीळही नाही, आज कुठेही मिळते. तुमची ताकद जिची एकही प्रत बाजारात नाही अशा रेकॉर्डसाठी राखून ठेवा.

प्रश्न : मी जयसिंगपूरला राहते, जयपूर घराण्याचं गाणं शिकते. तुम्ही सुचवलेलं आयलर ऐकलं. खरं सांगू का, मला तो गोंगाट वाटला. यासाठी एवढा खटाटोप का करायचा?

उत्तर : ताई, प्रामाणिकपणे लिहिलंत याचा आनंद झाला. आवडायलाच हवं अशी सक्ती नाही. पण तुमच्या तालमीतली एक गोष्ट घेऊन पुन्हा एकदा ऐका. आलापात लय असते, ठेका नसतो, हे तुमच्या कानाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. आयलरची 'स्पिरिच्युअल युनिटी' जुलै १९६४ मध्ये मुद्रित झाली. तिच्यात सनी मरे ड्रम वाजवतो, पण मात्रा मोजून देत नाही. झांजेवर एक सलग थरथर चालू ठेवतो, तिच्यावर गॅरी पीकॉकचा बास, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य, स्वतःच्या वाटेने फिरतो आणि आयलरचा सॅक्सोफोन एखाद्या साध्या, जवळजवळ लोकगीतासारख्या सुरावटीवरून सुटून किंकाळीपर्यंत जातो आणि परत येतो. पहिल्या ऐकण्यात फक्त मरेकडे लक्ष द्या. दुसऱ्यांदा फक्त बासकडे. सॅक्सोफोन सगळ्यात शेवटी.

तेही जड गेलं तर कोल्ट्रेनची १९६१ ची 'इंडिया' घ्या. दोन बास मिळून तंबोऱ्यासारखा षड्ज धरून ठेवतात आणि त्यावर डॉल्फीचा बास क्लॅरिनेट येतो. कोल्ट्रेनने आपल्या मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं होतं. म्हणजे ही मंडळी आपल्या संगीताकडे मान वर करून बघत होती.

खटाटोप का, याचं उत्तर तुमच्या घराण्यातच आहे. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिले, इथे शिकवलं, इथूनच ती गायकी महाराष्ट्रभर गेली. आणि त्यांच्या स्वतःच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका आपल्याकडे नाही. ते कसे गायचे हे आपल्याला शिष्यांच्या गळ्यातून आणि लोकांच्या आठवणीतून ताडावं लागतं. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. पण त्या वेळी ती रेकॉर्ड बाजारात नव्हती, आणि शोधाशोध केल्यावर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या. कुणीतरी त्या खोक्यात तशाच ठेवल्या होत्या म्हणून हे झालं. आज तुम्हाला गोंगाट वाटणारी एखादी रेकॉर्ड उद्या कुणा शिकणाऱ्याला हवी असेल. तेव्हा ती वाजवण्याजोगी असली पाहिजे.

प्रश्न : आमचे आजोबा मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. शाहूपुरीतल्या घरी त्यांची ट्रंक आहे. टेपचे चार स्पूल, काही ७८ च्या रेकॉर्ड, काही एलपी. सगळ्यावर बुरशी धरली आहे. स्पिरिटने पुसून वाजवून बघू का?

उत्तर : थांबा! ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जुन्या रेकॉर्ड लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एक बोळा फिरवलात तर खाचांतला आवाज कायमचा जाईल.

ट्रंक उघड्या हवेत न्या, तोंडाला मास्क लावा, आणि आधी मऊ कोरड्या ब्रशने बुरशी झटका. नंतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा एखादा थेंब घालून, मऊ कापडाने खाचांच्या दिशेनेच गोल पुसा, आडवं कधीच नको. मधला कागद ओला होऊ देऊ नका. साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसून रेकॉर्ड उभी ठेवून वाळवा. ७८ ला सुईही निराळी लागते. तिचं टोक सुमारे ७५ मायक्रॉनचं, स्टिरिओ एलपीचं १८ च्या आसपास. एलपीची सुई ७८ च्या खाचेत तळाशी घसरते आणि नुसती खरखर ऐकू येते.

स्पूल मात्र घरच्या मशीनवर अजिबात लावू नका. प्रत्येक स्पूल उजेडासमोर धरा. गुंडाळलेल्या टेपमधून कडेने उजेड आरपार दिसला तर ती जुनी ॲसिटेटची टेप आहे. तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती कुजायला लागली आहे, बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा. तिला उष्णता देणं म्हणजे तिचा जीव घेणं. उजेड आरपार आला नाही तर पॉलिएस्टर. सत्तरच्या दशकातल्या काही टेपांचा लेप हवेतला ओलावा पिऊन चिकट होतो, मशीनच्या हेडला चिकटून किंचाळतो आणि जाता जाता आवाज खरवडून नेतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात काय होत असेल सांगायला नको. अशा टेपा पन्नास-पंचावन्न अंश तापमानाला काही तास सुकवून, त्यानंतरच्या थोड्या आठवड्यांत त्यांच्यावरचा आवाज उतरवून घेतात. ते काम जाणकाराचं आहे, घरच्या ओव्हनमध्ये करायचं नाही. उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ मागा आणि कुठलीही सफाई न केलेली मूळ फाइल वेगळी जपून ठेवा.

हे सगळं होण्याआधी खोक्यांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. आजोबांच्या हातचं अर्धवट पुसलेलं एखादं नाव, एखादी तारीख, हीच पुढे सगळ्यात मोलाची ठरते. त्या काळात मुंबईत जॅझ वाजवणारी बहुतेक मंडळी गोव्याची. चिक चॉकलेट आणि फ्रँक फर्नांड यांच्यासारखे लोक रात्री हॉटेलात आणि दिवसा सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवायचे, आणि कितीतरी वादकांचं नाव कुठल्याच कव्हरवर आलं नाही. आजोबांचे कुणी साथीदार हयात असतील तर फाइल तयार झाल्यावर त्यांना ऐकवा. ट्रंपेटवर कोण, ड्रमवर कोण, सगळं लिहून घ्या. आणि टेप तुमची असली तरी तिच्यावरचं सगळं वादन तुमचं नाही. प्रकाशित करायची वेळ आली तर त्या प्रत्येकाच्या घरी जावं लागेल.

प्रश्न : माझा उद्यमनगरात लग्नपत्रिकांच्या स्क्रीन प्रिंटिंगचा व्यवसाय आहे. एलपीचं कव्हर इथे छापता येईल का?

उत्तर : येईल, आणि मला वाटतं ते इथेच छापावं. सन राच्या 'सॅटर्न'ची कित्येक कव्हरं हाताने रंगवलेली आणि हातानेच छापलेली होती. एक-दोन रंगांचं, जाड शाईचं कव्हर या संगीताला शोभतं.

साडेएकतीस सेंटिमीटरचा चौकोन, ३०० ते ३५० जीएसएमचा बोर्ड, पाठीला तीन मिलिमीटर. घडी बोर्डाच्या तंतूच्या दिशेने घाला, आणि क्रिझिंग, म्हणजे घडीची रेघ दाबून घेणं, आधी केल्याशिवाय दुमडू नका, नाहीतर शाई फुटते. शाई पूर्ण सुकू द्या. ओल्या दिवसांत पत्रिकेला देता त्याहून जास्त वेळ द्या, कारण सॉल्व्हंटचा वास राहिला तर तो आतल्या रेकॉर्डपर्यंत पोचतो. आतलं पाकीट पॉलिथिनचं अस्तर असलेलंच घ्या. नुसता कागद रेकॉर्डवर बारीक ओरखडे काढतो. आणि जुन्या कव्हरचा मोबाइलवर फोटो काढून त्यावरून फिल्म करू नका. परवानगी देणाऱ्याकडूनच मूळ छायाचित्र मागवा.

प्रश्न : कोल्हापुरात बसून परदेशात कशा विकायच्या?

उत्तर : लिथुआनियातल्या व्हिल्नियसहून 'नोबिझनेस' नावाची छोटी कंपनी हेच करते, न्यूयॉर्कच्या वादकांच्या जुन्या टेपा जगभर पोचवते. गावाचा प्रश्न नाही. परकीय व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात क्रमांक घ्या, तो ऑनलाइन मिळतो. पोस्टाच्या डाक निर्यात केंद्रातून व्यापारी पार्सल पाठवता येतं. रेकॉर्ड कव्हरच्या आत ठेवून पाठवू नका, बाहेर काढून दोन्ही एकाच प्लास्टिकमध्ये घाला. वाटेत पार्सल आपटलं की रेकॉर्डची कड कव्हरची शिवण फाडते. दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा द्या. छपाई कारखान्याकडून आधी चाचणीच्या प्रती येतात. त्यांतली प्रत्येक प्रत दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत ऐका, आणि एक वादकाला किंवा त्याच्या घरी पाठवा. त्यांचा होकार आल्याशिवाय पुढची छपाई सुरू करायला सांगू नका.