स्कोलीनचा असर पाच तास का टिकला?

प्रश्न : भावाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन तासाभरात आटोपलं, पण त्याचा श्वास सुरू व्हायला पाच तास लागले. तोवर तो व्हेंटिलेटरवर होता. कागदांत ‘स्कोलीन अ‍ॅप्निया’ असं लिहिलंय. भूल जास्त झाली का? पुढच्या महिन्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे.

उत्तर : भूल जास्त झालेली नाही. अ‍ॅप्निया म्हणजे श्वास थांबणं. झोपेचं औषध वेगळं, स्नायू ढिले करणारं वेगळं. स्कोलीन (सक्सिनिलकोलिन) हे दुसऱ्या जातीचं. मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचवतं ते अ‍ॅसिटिलकोलिन. त्याचेच दोन रेणू जोडले की झालं स्कोलीन. ते स्नायूवरची तीच जागा अडवून बसतं. अंग क्षणभर थरथरतं, मग ढिलं पडतं. किलोमागे १ ते १.५ मिलिग्रॅम दिलं की मिनिटभरात श्वासनलिकेत नळी घालता येते.

पाच-दहा मिनिटांत असर ओसरतो, कारण रक्तातलं स्यूडोकोलिनएस्टरेज हे एन्झाइम त्याचे तुकडे करतं. गंमत म्हणजे, बहुतेक औषध स्नायूपर्यंत पोचण्याआधीच असं तुटतं आणि डोस ते गृहीत धरूनच ठरलेला असतो. एन्झाइमच नसेल तर नेहमीचा डोस कित्येक पटींनी भारी पडतो. हा दोष आई-वडील दोघांकडून यावा लागतो. आर्य वैश्य समाजात तो इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. हा समाज मराठवाड्यातही आहे.

अशा वेळी व्हेंटिलेटर आणि झोपेचं औषध चालू ठेवून थांबायचं. झोपेचं औषध बंद केलं तर रुग्णाला सगळं ऐकू येतं, पण पापणीही हलत नाही. निओस्टिग्मिन (स्नायू ढिले करणाऱ्या इतर औषधांचा असर उतरवणारं इंजेक्शन) देऊन घाई करू नये. ते हेच एन्झाइम आणखी दाबतं.

सख्खं भावंड म्हणून तुमच्यातही दोष असण्याची शक्यता चारात एक. स्यूडोकोलिनएस्टरेजची रक्ततपासणी आत्ताच करून घ्या (गरोदरपणात आणि यकृताच्या आजारातही ते कमी दिसतं). भावाचे कागद भूलतज्ज्ञांना आधीच्या भेटीतच दाखवा, ऑपरेशनच्या सकाळी नव्हे. स्कोलीनऐवजी रोक्युरोनियम चालतं. त्याचा या एन्झाइमशी संबंध नाही आणि सुगामाडेक्सने त्याचा असर उतरवता येतो. कमरेत इंजेक्शन देऊन भूल देणार असतील, तरी क्लोरोप्रोकेन हे बधिर करणारं औषध नको म्हणून सांगा. तेही याच एन्झाइमने तुटतं.

प्रश्न : पाठदुखीची ‘मसल रिलॅक्संट’ गोळी हेच औषध का?

उत्तर : नाही. क्लोरझोक्साझोनसारख्या गोळ्या मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करतात. श्वास थांबवणारी ही इंजेक्शनं थेट स्नायूच्या सांध्यावर, म्हणजे मज्जातंतू जिथे स्नायूला भिडतो तिथे, अडसर घालतात.